साने गुरुजी : ‘छात्रालय’ आणि ‘विद्यार्थी’ यांच्या संदर्भात एक चरित्रलेख

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात विद्यार्थी-नियतकालिकांची नोंद त्रोटकच राहिली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात अध्यापन करणाऱ्याला ही उणीव विशेष जाणवते. येथील अनेक विद्यार्थ्यांचे नाव प्रथम छापून येते ते महाविद्यालयाच्या वार्षिकांकात. घरी गोंडी वा माडिया बोलणारा विद्यार्थी त्यातून प्रमाण मराठीत स्वतःला मांडू पाहत असतो. या लेखनाला वाङ्मयीन मूल्य कितपत द्यावे, असा प्रश्न आपण प्राध्यापक मंडळी सहज विचारतो. त्या प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे, असे पांडुरंग सदाशिव साने यांचे चरित्र पाहता वाटू लागते.

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोलीजवळील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु त्यांच्या बालपणीच घराला दारिद्र्य आले. दापोली, औंध आणि पुणे असे फिरत, प्रसंगी अर्धपोटी राहून, त्यांनी शिक्षण पूर्ण केले. १९१७ मध्ये आईचे निधन झाले. एम.ए.च्या सुमारास ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले. मात्र तेथील एकांतात त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. प्रताप हायस्कूल म्हणून ती पुढे प्रसिद्ध पावली. तिच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे हा त्यांच्या अध्यापनाचाच भाग होता.

याच छात्रालयात त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक सुरू केले. ते स्वतःच्या हाताने लिहिलेले असे आणि मुले ते रोज वाचीत. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे, गोष्टी आणि छात्रालयातल्या लहानसहान उणिवांवरील सौम्य टिपणे असा त्यातील मजकूर होता. १९२८ मध्ये त्याला ‘विद्यार्थी’ या छापील मासिकाची जोड मिळाली. ही नियतकालिके आधुनिक अर्थाने विद्यार्थ्यांनी संपादिलेली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यांचा वाचक विद्यार्थीच होता आणि तो लेखकाला नावानिशी ओळखीचा होता. मराठी वाङ्मयीन नियतकालिकांच्या परंपरेत लेखक व वाचक यांचे इतके निकटचे नाते विरळाच आढळेल.

गुरुजींच्या शैलीचे मूळ या नात्यात शोधता येईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. छोटी वाक्ये, संबोधनाचा सूर, पुनरुक्ती, गोष्टीतून बोधाकडे जाण्याची रीत आणि भावनेला थेट हात घालणे ही त्यांच्या गद्याची लक्षणे होत. समीक्षेने त्यांना बहुधा भाबडेपणा ठरविले आहे. पण ज्याला सकाळी वाचणाऱ्या मुलांसाठी रोज लिहावयाचे आहे, त्याचे गद्य असेच घडणार. ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे आणि श्याम आपल्या सोबत्यांना रात्री आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. या रचनेत छात्रालयातील गुरू-शिष्यांची बैठक ओळखू येते. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत तर छात्रालयच कथाविषय बनले आहे.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडून सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. ती आज मराठीत उपलब्ध आहेत याचे श्रेय त्यांच्या या लेखनसवयीकडे जाते. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले आणि शेतकरी-कामगारांचे प्रश्न त्यातून मांडले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू झाले. भारतीय भाषांतील परस्परपरिचयाची ‘आंतरभारती’ ही कल्पना त्यांच्या अखेरच्या वर्षांतील. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. हस्तलिखित दैनिकापासून ‘साधना’पर्यंतचा हा प्रवास एकाच प्रेरणेचा आहे : समोरच्या माणसाला विश्वासात घेऊन बोलणे.

आपल्या भागाला ही प्रेरणा परकी नाही. वरोऱ्याला १९४९ मध्ये आनंदवनाची स्थापना करणारे बाबा आमटे गुरुजींना मानीत. मूल तालुक्यातील सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने देशाच्या निरनिराळ्या भागांतील तरुणांना एकत्र आणले. त्यात आंतरभारतीचाच एक आविष्कार दिसतो. मात्र गुरुजींची लेखणी जिच्यावर घडली ती पायरी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हाती पडणारे साधे नियतकालिक, आपल्या संशोधनाच्या कक्षेबाहेरच राहिली आहे.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. त्या काळापासूनचे वार्षिकांक ग्रंथालयांच्या कोपऱ्यात वाळवीच्या स्वाधीन होण्याआधी एकत्र करणे, त्यांची सूची करणे आणि त्यांतील बोलींचे, लोककथांचे व आत्मकथनांचे अंश तपासणे हे मराठी विभागांचे काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी यापेक्षा जवळचा विषय मिळणार नाही. ‘छात्रालय’चा रोजचा कागद लिहिला जात होता, तेव्हा त्यातून ‘श्यामची आई’ची भाषा घडते आहे हे कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. आपल्या विद्यार्थ्यांचे कागद टाकून देताना एवढे तरी स्मरणात असावे.