चार्ल्स वर्गमन

चार्ल्स वर्गमन (३१ ऑगस्ट, १८३२, लंडन – ८ फेब्रुवारी, १८९१, योकोहामा) हे इंग्रज चित्रकार, व्यंगचित्रकार व चित्रवार्ताहर होते. त्यांनी योकोहामा येथून काढलेल्या 'द जपान पंच' या नियतकालिकातून युरोपीय धर्तीचे व्यंगचित्र जपानमध्ये पोहोचले. आधुनिक मांगाच्या पूर्वेतिहासात म्हणूनच त्यांचे नाव घेतले जाते.

जीवन

'द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकासाठी दुसऱ्या अफू युद्धाची चित्रे काढण्याकरिता वर्गमन १८५७ साली चीनला गेले व १८६१ साली जपानला आले. ५ जुलै, १८६१ च्या रात्री एदो (आजचे टोकियो) येथील तोझेन-जी मंदिरातील ब्रिटिश वकिलातीवर परकीयांच्या विरोधातील सामुराईंनी हल्ला केला, तेव्हा ते तेथेच होते. जमिनीच्या फळ्यांखाली लपून त्यांनी जीव वाचवला आणि त्या प्रसंगाची चित्रे लंडनला पाठवली. तरीही ते जपानमध्येच राहिले. १८६३ साली त्यांनी ओझावा काने यांच्याशी विवाह केला. छायाचित्रकार फेलिचे बेआतो यांच्याबरोबर त्यांनी काही वर्षे भागीदारीत व्यवसायही केला. योकोहामा येथील परकीयांच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

द जपान पंच

१८६२ साली सुरू झालेले हे पत्र लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाच्या नमुन्यावर बेतलेले होते. सुरुवातीला ते लाकडी ठशांनी जपानी कागदावर छापले जाई. त्याचा वाचक म्हणजे योकोहामातील परकीय व्यापारी, मुत्सद्दी आणि वृत्तपत्रकार. थट्टेचे विषयही बहुतेक तेच. जपानी वाचक वर्गमन यांच्या डोळ्यांसमोर नव्हताच. असे असूनही 'पंच' या नावावरून व्यंगचित्राला 'पोन्ची-ए' हा जपानी शब्द रूढ झाला. १८७४ साली कावानाबे क्योसाई व कानागाकी रोबुन यांनी काढलेल्या 'एशिंबुन निप्पोन्ची' या पत्राच्या नावातही तो दिसतो. 'द जपान पंच' १८८७ साली बंद पडले. त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार जॉर्ज बिगो यांचे 'तोबाए' निघाले.

प्रभाव

वर्गमन यांना मांगाचे जनक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. विनोदी चित्रांची परंपरा जपानमध्ये जुनीच होती आणि होकुसाई यांच्या 'होकुसाई मांगा' या चित्रसंग्रहाचा पहिला खंड १८१४ साली प्रसिद्ध झाला होता. चालू घडामोडींवर नियमितपणे भाष्य करणारे व्यंगचित्रपत्र ही मात्र त्यांनी आणलेली नवी गोष्ट होती. पाश्चात्त्य चित्रकला शिकण्यासाठी ताकाहाशी युइची व गोसेदा योशिमात्सु हे त्यांच्याकडे येत. ताकाहाशी पुढे जपानी तैलचित्रकलेचे अग्रणी ठरले.

पुढे 'पोन्ची' या शब्दाला उथळपणाची छटा आली. किताझावा राकुतेन यांनी आपल्या चित्रांसाठी 'मांगा' हा जुना शब्द नव्या अर्थाने वापरला आणि तोच टिकला. त्यांनी १९०५ साली काढलेल्या 'टोकियो पक' या रंगीत पत्राचे नाव मात्र 'पक' या अमेरिकन व्यंगचित्र साप्ताहिकावरून घेतलेले होते.