दादासाहेब फाळकेंचा सिनेमा उभा राहिला तो अंधारात पाडलेल्या लाखो भोकांवर

आज कॅमेऱ्यातला व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला एक केबल पुरते. फाईल एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढली, नको तो भाग कापला, काम झालं. चुकलं तर अनडू आहेच.

दादासाहेब फाळकेंच्या वेळी कॅमेरा आणि एडिटिंग यांच्या मध्ये एक अंधारी खोली होती. त्या खोलीत त्यांच्याइतकंच राबत होत्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा थाटला, पण तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. पुढे छपाईच्या धंद्यात नाव झालं, तिथे भागीदारांशी बिनसलं.

१९११ साली गिरगावात त्यांनी येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. आपला राम, आपला कृष्ण असाच पडद्यावर दिसला पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग दिवसरात्र सिनेमे बघणं आणि प्रयोग करणं सुरू झालं. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी दृष्टी परत आली आणि गड्याने विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत थेट लंडन गाठलं. तिथून विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं.

भोकं कशाला? कॅमेऱ्याच्या आतले दाते या भोकांत अडकून फिल्म पुढे सरकवतात. कच्ची फिल्म म्हणजे मात्र नुसती कोरी पट्टी.

आता हिशोब बघा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना ४-४ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ होता साधारण ३,७०० फुटांचा. म्हणजे नुसत्या पडद्यावर दिसलेल्या लांबीची भोकं पावणेपाच लाखांच्या घरात! तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई करायच्या. शूटिंग झालं की फिल्म रसायनांत धुवायलाही त्याच. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच.

पण सुरुवातीला पैसा लावायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा फाळकेंनी कुंडीत मटार पेरला आणि महिनाभर थोड्या थोड्या फ्रेम घेत त्याची वाढ टिपली. मिनिटभराच्या त्या फिल्ममध्ये बी रुजून वेल वर येताना दिसला. आज याला टाइमलॅप्स म्हणतात. ते बघून कर्ज मिळालं. तरी कमी पडलं, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

दादरच्या घरातच सगळं जमवून तयार झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला आणि तुफान चालला.

त्याच वर्षी फाळकेंनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ नाशिकमध्ये झाले. एडिटिंग म्हणजे फिल्म उजेडासमोर धरायची, फ्रेम निरखायची, कात्रीने कापायची आणि तुकडे चिकटवायचे. स्पेशल इफेक्ट तर कॅमेऱ्यातच व्हायचे. लेन्सचा काही भाग झाकून शूट करायचं, फिल्म उलटी गुंडाळायची आणि त्याच फिल्मवर दुसरं दृश्य घ्यायचं. जरा हिशोब चुकला की दोन्ही दृश्यं गेली. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली, ती १९१९ साली. सिनेमा बनतो कसा हे दाखवणारी एक छोटी फिल्मही फाळकेंनी काढली. थोडक्यात, बिहाइंड द सीन्स!

१९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आला आणि मालकी वाटली गेली. वाद वाढले, फाळके कंपनी सोडून काशीला गेले, नंतर परतले.

पुढे सिनेमा बोलू लागला. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून झाला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. आता घरातल्या अंधाऱ्या खोलीत भागण्यासारखं हे काम राहिलं नव्हतं. १९३७ साली कोल्हापूरसाठी केलेला ‘गंगावतरण’ त्यांचा शेवटचा सिनेमा ठरला. त्यानंतर फाळके नाशिकलाच राहिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच गेले.