क्रीडागुरु अमॉस अलाँझो स्टॅग

अमेरिकेंतील फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. त्यांत चेंडू लांबट असतो, तो हातांत धरून पळावयाचें असतें, आणि पळणाऱ्यास अंगावर जाऊन पाडणें हा खेळाचाच भाग होय. या दांडग्या खेळाच्या आद्य गुरूंत स्टॅग यांचें नांव अग्रभागीं आहे.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील वेस्ट ऑरेंज गांवीं झाला. घरची गरिबी. धर्मोपदेशक व्हावें या हेतूनें ते येल विद्यापीठांत गेले. तेथें बेसबॉलमध्यें चेंडू टाकण्यांत त्यांची इतकी कीर्ति झाली कीं, धंदेवाईक संघांनीं त्यांस द्रव्य देऊं केलें. त्यांनीं तें नाकारलें. पोटाची भ्रांत असलेल्या विद्यार्थ्यानें असा नकार देणें सोपें नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

आपल्या अंगीं वक्तृत्व नाहीं असें वाटून त्यांनीं धर्मपीठाची वाट सोडली व १८९० मध्यें स्प्रिंगफील्ड येथील व्यायामशिक्षकांच्या शाळेंत नोकरी धरली. तेथेंच जेम्स नेस्मिथ यांनीं बास्केटबॉल निर्माण केला. मार्च १८९२ मधील त्याच्या पहिल्या जाहीर सामन्यांत शिक्षक विद्यार्थ्यांकडून १-५ असे हरले. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा!

त्याच वर्षीं ते नव्या शिकागो विद्यापीठांत गेले आणि चाळीस वर्षें तेथें राहिले. १९०५ सालीं त्यांच्या संघानें मिशिगनचा २-० असा पराभव केला. त्यापूर्वीं मिशिगनचा संघ ५६ सामन्यांत अजिंक्य होता. परंतु त्याच हंगामांत देशभर या खेळांत अनेक तरुण प्राणांस मुकले. खेळ बंदच करावा अशी ओरड झाली, खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांस लक्ष घालावें लागलें, आणि १९०६ मध्यें नियम बदलून चेंडू पुढें फेकण्याची मोकळीक मिळाली. नियम ठरविणाऱ्या मंडळींत स्टॅगही होते. आमच्या मतें, जिंकलेल्या सामन्यांपेक्षां ही कामगिरी मोठी.

सत्तरी गांठतांच विद्यापीठानें त्यांस निवृत्त केलें. दुसरें सुखाचें काम देऊं केलें असतां तें न स्वीकारतां ते १९३३ मध्यें कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथील एका लहानशा कॉलेजांत गेले. १९३८ सालीं हाच लहान संघ घेऊन ते शिकागोस आले व त्यांच्याच नांवाच्या मैदानावर त्यांनीं जुन्या विद्यापीठास ३२-० असें हरविलें. पुढल्याच वर्षीं शिकागोनें हा खेळच सोडला. १९४२ मध्यें त्या मैदानाच्या सज्जाखालीं अणुशक्तीची पहिली नियंत्रित शृंखलाक्रिया घडली, हा दैवाचा चमत्कारच!

१९४३ सालीं, ८१ व्या वर्षीं, ते राष्ट्रांतील सर्वोत्तम शिक्षक ठरले. तेथूनही निरोप मिळाल्यावर ते १९४७ पासून कांहीं हंगाम पेन्सिल्व्हेनियांत आपल्या मुलासमवेत शिकवीत राहिले. पत्नी स्टेला याही सामने पाहून खेळाचे आराखडे काढीत. अखेरीस ते स्टॉक्टनला परतले आणि तेथील मुलांस चेंडू लाथाडण्यास शिकवूं लागले. १९६० मध्यें त्यांनीं हें काम थांबविलें. १७ मार्च १९६५ रोजीं, १०२ व्या वर्षीं, स्टॉक्टन येथेंच त्यांचें देहावसान झालें.