सुभेदार रामजींचे घर

गुरुकुंज मोझरी असो की अकोला, वऱ्हाडात आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे. जयंतीला आपण सुभेदार रामजींचे नाव घेतो आणि पुढे जातो. पण त्या घराचा इतिहास किती आईबापांनी मुलांना सांगितला? बाबासाहेब आकाशातून पडले नाहीत. शिकणाऱ्या घराने त्यांना घडवले.

सपकाळ घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. आजोबा मालोजी फौजेत होते. वडील रामजी सुभेदार झाले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या, त्यांचे वडीलही सुभेदार-मेजर. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ होता, त्यांच्या मुलामुलींना पलटणीत मात्र शिक्षण सक्तीचे होते. म्हणूनच १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा नोकरीबरोबर शाळेचे दारही बंद झाले. रामजी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन त्यांनी सरकारकडे अर्ज केला. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा त्यासाठी सरकारकडे आग्रह धरणाऱ्यांत त्यांचाच मुलगा होता.

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तिथे भीमाबाई गेल्या. चौदा अपत्यांपैकी तीन मुलगे आणि दोन मुलीच जगल्या. अपंग आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि मगच स्वतः पाठ टेकत. पुस्तकांसाठी त्यांनी लग्न झालेल्या मुलीचे दागिने गहाण ठेवले, पेन्शन आली की सोडवले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला शिकायला निघाले.

या घराचे एक दुःख आपल्या वऱ्हाडाशीही जोडलेले आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी अमरावतीत परिषद भरली. आदल्याच दिवशी थोरले बंधू बळीराम मुंबईत वारले होते. तरीही बाबासाहेबांनी अध्यक्षपदाची जबाबदारी पार पाडली.

समाजबांधवांनो, शिक्षण घेण्याचे आवाहन आपण मुलांना करतो. रामजींनी ते आवाहन आधी स्वतःला केले होते. डी.जे.वर हजारो रुपये उधळणाऱ्या बापाने मुलाच्या पुस्तकासाठी काय गहाण ठेवले, हा हिशेब यंदाच्या जयंतीला घरोघरी झालाच पाहिजे.