धन्यवादित याकोब : उल्म नगरीचे काचचित्रकार

परमेश्वराच्या कृपेने आपल्या धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव साजरा होत असता, मंदिराच्या खिडक्यांना रंगीत काचा बसवाव्यात अशी इच्छा अनेकांनी आमच्यापाशी व्यक्त केली आहे. त्या काचांवर कोणती चित्रे असावीत, याविषयी मात्र मतभेद आहेत. शहरातील दुकानातून तयार नमुने आणावेत, असे काहींचे मत. साध्या काचेवर रंगीत कागद चिकटविला तरी काम भागेल, असे दुसऱ्या काहींचे. या प्रश्नाचा निकाल लावण्यापूर्वी, ज्या सत्पुरुषाने हीच कला हाती धरून पवित्र जीवन कंठिले, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

याकोब यांचा जन्म इ. स. १४०७ मध्ये, जर्मनीत डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या उल्म नगरीत, ग्रीसिंगर नावाच्या व्यापारी कुटुंबात झाला. त्या काळी त्या नगरीत एका प्रचंड मंदिराचे बांधकाम चालू होते. त्याचा पाया १३७७ मध्ये घातला गेला होता. त्याचा १६१ मीटर उंचीचा मनोरा पुरा व्हावयास मात्र १८९० साल उजाडावे लागले. अशा नगरीत वाढलेल्या याकोबास काचेवर चित्रे रेखण्याची विद्या तरुणपणीच अवगत झाली.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १४३२ मध्ये, ते यात्रेसाठी रोमला गेले. जवळचा पैसा संपला, तेव्हा पोटासाठी त्यांनी नेपल्सच्या राजाच्या सैन्यात नाव नोंदविले. परंतु शिपायांचा अनाचार पाहून त्यांचे मन विटले. सैन्य सोडून ते कापुआ नगरातील एका वकिलाच्या घरी चाकरीस राहिले. तेथे त्यांच्या प्रामाणिकपणावर धनी इतका प्रसन्न झाला, की घरचा सारा कारभार त्यांच्या हाती आला. काही वर्षांनी मायभूमीच्या ओढीने ते उत्तरेकडे निघाले आणि बोलोन्या नगरीत येताच पुन्हा एकदा शिपाई झाले.

वाचकहो, हा भाग वाचताना आमच्या डोळ्यांपुढे वेवजी-तलासरीकडील आपले तरुण उभे राहतात. उमरगाव आणि वापीच्या कारखान्यांत ते मजुरीस जातात; घरी शिकलेली हाताची कला घरीच राहते; आणि परक्या ठिकाणी वाईट संगतीचा मोह पदोपदी आड येतो. याकोब यांचीही ऐन उमेदीची वर्षे अशीच गेली. त्या वर्षांत त्यांच्या कलेचा काही उपयोग झाल्याचे कोठे आढळत नाही. परंतु त्यांनी प्रार्थना सोडली नाही, आणि त्या एका धाग्यानेच त्यांना ओढून आणले.

बोलोन्या येथे संत डॉमिनिक यांची समाधी आहे. तेथे हा शिपाई वरचेवर जाऊन गुडघे टेकीत असे. अखेरीस १४४१ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी शस्त्र खाली ठेवून डॉमिनिकन संघात प्रवेश केला. धर्मगुरुपदाची त्यांनी आकांक्षा धरली नाही. ते साधे धर्मबंधू झाले. मठाची हलकीसलकी कामे करणे आणि गावात भिक्षा मागणे, ही त्यांची नित्याची सेवा होती. पुढे त्यांच्या हातची विद्या वरिष्ठांना समजली आणि त्यांस काचकामाची आज्ञा झाली. बोलोन्याच्या संत पेत्रोनियो महामंदिरातही त्यांनी काचचित्रे घडविली.

हे काम किती कष्टाचे असते, ते थोडक्यात सांगतो. प्रथम खिडकीच्या मापाचे पूर्ण चित्र रेखाटावे लागते. मग वितळत्या काचेत धातूंची भस्मे मिसळून रंगविलेले तक्ते घेऊन, त्यांतून चित्राप्रमाणे तुकडे कापावयाचे. डोळे, बोटे, पानांच्या शिरा, पक्ष्यांची पिसे इत्यादी बारकावे गडद रंगाने काचेवर रेखून ते तुकडे भट्टीत घालावयाचे, म्हणजे रंग काचेशी एकजीव होतो. शेवटी दोन्ही बाजूंस खोबण असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवून सांधे डाखावयाचे. आंच थोडी कमी पडली तर रंग धरत नाही. अधिक झाली तर आकार बिघडतो.

काचेवर झळकणाऱ्या सोनेरी पिवळ्या रंगाचा शोध याकोब यांनीच लावला, अशी एक आख्यायिका आहे. त्यांच्या बाहीचे रुप्याचे बटन काचेवर पडले आणि भट्टीत त्याचा डाग पिवळा उमटला, असे सांगतात. परंतु रुप्यापासून होणारा हा रंग त्यांच्या जन्मापूर्वी सुमारे शंभर वर्षे युरोपात माहीत होता. तेव्हा ही गोष्ट इतिहास म्हणून धरता येत नाही. सत्पुरुषाच्या थोरवीस अशा अलंकाराची गरजही नाही.

त्यांची थोरवी दुसऱ्या एका कथेत प्रगट होते. एकदा त्यांनी मौल्यवान काच भट्टीत घातली होती. भट्टीपाशी डोळ्यांत तेल घालून बसावे, अशी ती घटका. नेमक्या त्याच क्षणी वरिष्ठांनी त्यांस गावात भिक्षेस जाण्याची आज्ञा केली. याकोब यांनी सबब सांगितली नाही; झोळी उचलली आणि ते निघाले. सायंकाळी परतल्यावर काच जळून गेली असेल, अशी सर्वांची खात्री होती. परंतु ती निर्दोष उतरली होती, असे परंपरा सांगते. चमत्काराचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट उरते. कारागिराला आपल्या हातच्या कामाहून प्रिय काही नसते. आणि या कारागिराने तेच देवाच्या हवाली केले.

पन्नास वर्षांच्या मठवासानंतर, ११ ऑक्टोबर १४९१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. पोप लिओ बारावे यांनी १८२५ मध्ये त्यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली. काचेवर चित्रे काढणारे कारागीर त्यांस आपला आश्रयदाता मानतात.

आता आपल्या खिडक्यांविषयी. प्रभू येशूने आपली शिकवण मोहरीचा दाणा, द्राक्षवेल, अंजिराचे झाड, रानातील फुले, चिमण्या आणि पिलांना पंखांखाली घेणारी कोंबडी यांच्या द्वारे दिली. म्हणूनच युरोपातील जुन्या मंदिरांच्या काचांवर द्राक्षवेल, कमळासारखी शुभ्र लिली, कोकरू व कबुतर आढळतात. आणि शुभवर्तमानकारांच्या खुणा म्हणून सिंह, बैल व गरुडही दिसतात. त्या कारागिरांनी आपल्या परिचयाची पाने-फुले मंदिरात आणली. मग आपल्या ताडाने, मोहाने व मोराने बाहेर का उभे राहावे? आमच्या भागातील वारली भगिनी गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने झाडे व पाखरे पिढ्यान्‌पिढ्या रेखीत आल्या आहेत. त्यांची आकृती त्रिकोण, वर्तुळ व सरळ रेषा यांनी बनते. काच कापणाऱ्यास खोल वळण अवघड जाते, कारण तेथे काच तडकते. त्रिकोण मात्र सहज कापता येतो. म्हणजे आमच्या माताभगिनींची रेषा या कामास जणू आधीच तयार आहे.

यास्तव आमची विनंती अशी की, खिडक्या सर्व एकदम न झाल्या तरी चालेल. यंदा एकच करावी. परंतु तिचे चित्र आपल्याच धर्मग्रामातील हातांनी रेखाटलेले असावे, आणि काच कापण्यास व डाखण्यास जाणत्या कारागिरापाशी आपली दोन मुले शिकावयास बसवावीत. तयार कागद काही वर्षांत उन्हाने विटेल. शिकलेला हात मात्र राहील. धन्यवादित याकोब आम्हां सर्वांसाठी प्रभूपाशी विनंती करोत.