खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे १८७२ साली झाला. गाण्याची तालीम घरातच मिळाली. बडोदा दरबार सोडल्यावर ते महाराष्ट्रात आले व पुढे मिरजेचेच झाले.

१९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या पहिल्या तबकड्या काढल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर उभे राहून गायचे आणि जेमतेम तीन मिनिटांत राग आटोपायचा! तासन्‌तास राग आळवणाऱ्या गायकाची ती कसोटीच होती. आपली विद्या बाहेर जाईल या भीतीने कित्येक गवई तबकडीपासून दूर राहत. खाँसाहेबांनी ती भीती बाळगली नाही.

याच वृत्तीने १९१३ साली त्यांनी आपल्या देहूरोडजवळच्या पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्या देताना जातधर्म पाहिला नाही. सवाई गंधर्व हे त्यांचेच शागीर्द.

पुढे त्यांच्या आणखी तबकड्या निघाल्या. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी त्यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले. अखेर ते सवाई गंधर्वांचे शिष्य झाले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तेथे उरुसात आजही गवई हजेरी लावतात.

विद्यार्थी मित्रांनो, खाँसाहेबांनी विद्या मुठीत ठेवली असती, तर गदगच्या त्या मुलापर्यंत ती पोचली असती का? शेजारच्या मुलाला गणित समजावताना एवढे आठवा.