चंची, चिलीम आणि काका केळकर

बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत कबाडीवाल्याची हाक आली, की गेली काही वर्षे माझ्या पोटात गोळा येतो. माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजोबांची पितळी गुडगुडी, दोन मातीच्या चिलमी, लाल खणाची कप्प्याकप्प्यांची चंची, आजीचा मोराच्या आकाराचा अडकित्ता, आणि बाबांची दोन्ही बाजूंनी उघडणारी डबी आहे. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. बाबा तोंडाच्या कर्करोगाने गेले. सौ.चे म्हणणे एकच, ही अवदसा किलोवर घालून टाका. तिने बाबांची शेवटची सहा महिने सेवा केली आहे, त्यामुळे मी गप्प बसतो. पुतण्याचे म्हणणे वेगळे. हल्ली जुन्या वस्तूंनी दिवाणखाना सजवायची हौस आहे, तेव्हा गुडगुडीला भोक पाडून टेबल-लॅम्प करावा, असा त्याचा बेत आहे.

शिवाय आम्ही वर्धेचे. गांधीजींनी १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय इथे हाकेच्या अंतरावर. तिथे चरखा, घाणी असे ग्रामोद्योग मांडलेले. अशा गावात तंबाखूची सामग्री शोकेसमध्ये ठेवायची म्हणजे थोडे चोरट्यासारखेच वाटते. (एरवी पानठेल्यावर खर्रा घोटून घेताना कोणाला काही वाटत नाही, ते सोडा.)

या पेचात असताना मला आठवण होते ती पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांची. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेलो, की बाजीराव रस्त्याजवळच्या त्यांच्या संग्रहालयात माझी एक फेरी ठरलेली. लोक त्यांना काका म्हणत. जन्म १० जानेवारी १८९६ चा. कवितेच्या क्षेत्रात ते ‘अज्ञातवासी’ या नावाने वावरले. पोटापाण्याचा धंदा मात्र चष्म्यांचा. लोकांना नीट दिसावे म्हणून भिंगे बसवणारा हा माणूस स्वतः मात्र दुसऱ्या कोणाच्या नजरेला न पडणाऱ्या वस्तू पाहत हिंडला.

१९२० च्या सुमारास त्यांना हा नाद लागला. त्या काळी संग्रह म्हणजे राजेरजवाड्यांचे काम. तलवारी, नाणी, तैलचित्रे. काकांनीही जुन्या सरदार घराण्यांचे उंबरे झिजवले, पण त्यांचा जीव रमला तो स्वयंपाकघरात, देवघरात आणि ओसरीवर. दिवे, दौती, कुंकवाचे करंडे, वज्र्या, कुलपे, वाद्ये, कोरीव दरवाजे. आणि ओसरीवरचे म्हणाल तर पानदाने, चुन्याच्या डब्या, हुक्के. त्यांच्या अडकित्त्यांपुढे तर मी नेहमी रेंगाळतो. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात, पण कारागिराने कुठे घोडा केला, कुठे पक्षी, कुठे जोडपे. आमच्या आजीचा मोर त्यांच्यातलाच एक धाकटा भाऊ आहे, हे मला तिथे उभे राहून कळले. तोवर तो आमच्या लेखी नुसता बोथट अडकित्ता होता.

हुक्क्यांचेही तसेच. तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांमार्फत ती दख्खनेत पोचली आणि अकबराच्या अखेरच्या काळात असदबेग नावाच्या त्याच्या सरदाराने ती विजापूरहून दरबारात नेली. जहांगीराने १६१७ साली बंदी घातली, तिचा काही उपयोग झाला नाही. उलट कारागीर कामाला लागले. वर गूळ-तंबाखूची चिलीम आणि निखारा, खाली पाण्याचे भांडे, धूर पाण्यातून गुडगुडत नळीत यायचा. या साध्या रचनेतले पाण्याचे भांडे कोणी काचेचे केले, कोणी पितळेचे, तर बिदरच्या कारागिरांनी जस्त-तांब्याच्या ओतीव धातूत चांदीची तार ठोकली आणि किल्ल्यातली माती लावून तो धातू काळाभोर केला. व्यसन वाईटच, पण हात कसबी होते. या दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात राहतात, याला इलाज नाही.

काकांचा संसार मात्र या नादात सुखाने चालला असे समजू नये. पदरचे पैसे घालून, गावोगाव हिंडून वस्तू आणायच्या आणि राहत्या घरात भरायच्या. पत्नी कमलाबाईंनी नुसते सोसले नाही, कामाला हात लावला. दोघांचा मुलगा राजा. एकुलता एक मुलगा, तो बालपणीच गेला. आईबापांनी पुढे त्या सगळ्या पसाऱ्याला त्याचेच नाव दिले. आज पाटीवर राजा दिनकर केळकर संग्रहालय असे वाचून अनेकांना वाटते, की हे कुणा संस्थानिकाचे असावे. मीही पहिल्यांदा तसाच फसलो होतो. राजा म्हणजे एक लहान पोर, हे कळल्यावर मी तिथल्या जिन्यात थोडा वेळ उभाच राहिलो.

१९६० पर्यंत वस्तूंची संख्या १५,००० च्या घरात गेली होती, नंतर ती २०,००० च्या पुढे गेली. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी उचलून आणून इथे उभे केले. एवढे सारे त्यांनी विकले असते तर! पण १९७५ मध्ये संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली झाला. १७ एप्रिल १९९० रोजी, ९४ व्या वर्षी, काका गेले.

गेल्या दिवाळीत मी पेटी खाली उतरवली. गुडगुडीला चिंच लावून लखलखीत करायचा मोह आवरला. जुन्या पितळेवरचा काळसर थर हेच त्याचे वय असते, ते घासून काढले तर नव्या बाजारातल्या नकलेत आणि त्यात फरक काय राहिला? कोरड्या फडक्याने पुसली, एवढेच. पुतण्याला लॅम्पसाठी बाजारातून नवा पितळी लोटा आणून दिला. चंचीत कडुनिंबाची वाळली पाने भरली.

अडला तो बाबांच्या डबीशी. सौ. दारातच उभी होती. मी तिच्याकडेच डबी दिली आणि ठेवायची की नाही ते तिनेच ठरवावे असे सांगितले. तिने ती उघडली. चुना अजून कडेला चिकटलेला होता. मग संग्रहालयात असते तशी एक चिठ्ठी तिने स्वतःच्या अक्षरात लिहिली: बाबांचे नाव, तंबाखूची डबी, आणि ते कशाने गेले ते. डबी शोकेसमध्ये अडकित्त्याच्या शेजारी आहे. नातवंडे चिठ्ठी वाचतात आणि विचारतात, ती सांगते.